'जरी' लिहून पुढे टिंब: न्यू डॉर्प हायस्कूलचं प्रकरण

नववीतल्या मुलांना एक साधं काम दिलं होतं. वर्गात स्टाइनबेकची एक छोटी कादंबरी वाचून झाली होती, जॉर्ज आणि लेनी या दोन मजूर मित्रांची, आणि इंग्रजीच्या बाईंनी सांगितलं की "ऑल्दो जॉर्ज…" अशी सुरुवात करून फक्त एक वाक्य लिहा. एकच. बाईंना साधारण असं काहीतरी हवं होतं की जॉर्जने कितीही कष्ट केले तरी त्याचं अमेरिकन स्वप्न काही पुरं झालं नाही. काहींनी नीट लिहिलं. पण बरीच मुलं अडली आणि बऱ्याच कागदांवर हे आलं, "ऑल्दो जॉर्ज अँड लेनी वेअर फ्रेंड्स." आणि पुढे टिंब. म्हणजे मराठीत, "जरी जॉर्ज आणि लेनी मित्र होते." झालं, वाक्य संपलं.

चौदा-पंधरा वर्षांची मुलं, इंग्रजी त्यातल्या बहुतेकांची घरची भाषा, आणि त्यांना ऑल्दो या शब्दाने पुढे काय मागितलंय तेच कळत नव्हतं.

ही गोष्ट न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरच्या न्यू डॉर्प हायस्कूलची आहे, साधारण २००८ च्या आसपासची. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो, मधे एक पूल ओलांडला की स्टॅटन आयलंड, त्यामुळे हे नाव माझ्या कानावर होतं, पण प्रकरण नीट वाचलं ते माझी मुलगी सहावीत गेल्यावर. तिच्या निबंधाच्या वह्या बघून मला काहीतरी खटकायला लागलं होतं आणि नक्की काय खटकतंय ते सांगता येत नव्हतं. या शाळेचं वाचल्यावर ते सांगता आलं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढतेय, लांबलचक होईल, पण अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या मराठी आईबापांनी हे एकदा तरी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

न्यू डॉर्प म्हणजे सरकारी शाळा, बहुतेक मुलं गरीब आणि कामगार घरातली. २००६ साली नववीला आलेल्या मुलांपैकी ८२ टक्के मुलांचं वाचन त्यांच्या इयत्तेच्या खाली होतं. नववीला बसलेल्या दहातली चार शाळा सोडून जायची, ग्रॅज्युएशन रेट ६३ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता. देशातल्या सगळ्यात वाईट कामगिरीच्या दोनेक हजार हायस्कुलांत तिची गणना व्हायची, अशा शाळांना इथे 'ड्रॉपआउट फॅक्टरी' म्हणतात, आणि शाळाच बंद होईल अशी टांगती तलवार होती. प्रिन्सिपल डिअर्ड्रा डीअँजेलिस यांनी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. नीट न शिकवणारे शिक्षक काढले, गेट्स फाउंडेशनच्या मदतीने मोठ्या शाळेचे छोटे छोटे गट केले, नवी टेक्नॉलॉजी आणली, शाळा सुटल्यावरचे क्लास सुरू केले. आकडे काही हलेनात.

मग २००८ मध्ये त्यांनी शिक्षकांना सांगितलं की मुलं नापास का होतात त्याचं नेमकं कारण शोधून काढा. इथे गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यात शिकण्यासारखी होते, कारण सुरुवातीला शिक्षकांचीही उत्तरं नेहमीचीच होती, मुलं आळशी आहेत, काहींचं म्हणणं मुलांची कुवतच नाही. पण खणत गेल्यावर दिसलं की वर्गात तोंडी उत्तर देताना हुशार वाटणारी मुलं लिहायला बसली की कोसळतात. एकेक सुटं वाक्य लिहितात, वाक्याला वाक्य जोडता येत नाही. मग त्यांनी नीट लिहिणाऱ्या मुलांचे पेपर काढून शेजारी ठेवले आणि फरक कुठे आहे ते बघितलं. तो ज्ञानात कमी होता, जोडशब्दांत जास्त होता. चांगल्या परिच्छेदांत ऑल्दो, डिस्पाइट असे शब्द होते, म्हणजे एकाच वाक्यात विचाराला वळण देणारे, आणि वाईट परिच्छेदांत ते नव्हतेच. त्यावरूनच त्या बाईंना जॉर्जचं वाक्य देऊन बघायचं सुचलं.

आता इथे जरा थांबते, कारण मराठी माणसाला हे वेगळं जाणवतं. "जरी जॉर्ज आणि लेनी मित्र होते" एवढं ऐकून आपला कान थांबतच नाही, तो 'तरी'ची वाट बघतो. आपल्याकडे जोड्या आहेत, जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जसं-तसं, पहिला शब्द आला की दुसरा येणारच, भाषाच आपल्याला वाक्य पुरं करायला लावते. इंग्रजीत ऑल्दोला असा जोडीदार नाही. नुसता एक स्वल्पविराम द्यायचा आणि पुढचं मुलाने डोक्यात धरायचं, त्यामुळे ते कुणी शिकवलं नाही किंवा भरपूर वाचून कानात बसलं नाही तर मुलाला ते कळायला वावच नाही.

मी इथल्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. अमेरिकेत गावोगावी मंडळांच्या अशा शाळा आहेत, बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम असतो. तिथे इथे जन्मलेली मुलं काय करतात तर दुसरा अर्धा शब्द गाळतात. "जर पाऊस पडला मी येणार नाही." 'तर' नाहीच, कारण डोक्यात इंग्रजी 'इफ' आहे. आधी मी नुसता तांबड्या पेनने 'तर' घालून द्यायचे. न्यू डॉर्पचं वाचल्यावर ते बंद केलं, आता मी फळ्यावर "जरी आजी भारतात राहते" एवढंच लिहिते आणि खडू मुलांच्या हातात देते, आणि खरंच सांगते, 'तरी'च्या पुढे काय लिहायचं यावर मुलं जेवढा विचार करतात तेवढा 'माझी आजी' या निबंधात कधीच केला नव्हता. एकीने लिहिलं, "तरी तिला माहीत असतं मी आज डबा खाल्ला नाही." नऊ वर्षांची मुलगी. हे तिच्या मनात होतंच, वाक्याने ते बाहेर ओढून काढलं.

बरं, मग अमेरिकेत हे शिकवणं बंद कसं झालं? मला आधी वाटायचं की इथे व्याकरण कधी नव्हतंच. साफ चूक. १८७७ साली रीड आणि केलॉग या ब्रुकलिनमधल्या दोन प्राध्यापकांनी वाक्य रेषांवर मांडून त्याचे भाग दाखवायची पद्धत पुस्तकात आणली, एक आडवी रेष, कर्ता आणि क्रियापद यांच्या मधे उभी रेष, विशेषणं खाली तिरकी लटकलेली. आपण वाक्यपृथक्करणाचा तक्ता करायचो ना, उद्देश्य, उद्देश्यविस्तार, विधेय, विधेयविस्तार, तसंच. अमेरिकेच्या पिढ्यानपिढ्या त्या रेषा काढत मोठ्या झाल्या. ब्रुकलिन म्हणजे स्टॅटन आयलंडच्या समोरचाच किनारा.

मग १९६३ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने लेखनावरच्या संशोधनाचा एक अहवाल काढला आणि त्यातलं एक वाक्य अख्ख्या देशभर फिरलं. अहवालाचं म्हणणं असं की औपचारिक व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारण्यावर नगण्य परिणाम होतो, उलट नुकसानही होतं, कारण त्यात प्रत्यक्ष लिहिण्याचा वेळ खाल्ला जातो. या वाक्यातला 'कारण' महत्त्वाचा आहे. लिहिण्याचा वेळ जातो म्हणून नुकसान. पण वर्गांपर्यंत पोचेपर्यंत कारण गळून पडलं आणि उरलं एवढंच की व्याकरण शिकवणं वाईट. (एका जोडवाक्याचा मागचा अर्धा भाग गळाला आणि त्याचे परिणाम लाखो मुलांनी भोगले, हे माझ्या डोक्यातून जात नाही.) पुढे १९८५ ला त्याच परिषदेने सुटे सुटे व्याकरणाचे स्वाध्याय देऊ नका असा ठरावच केला.

दुसरा एक धागाही होता आणि तो मला समजतो. १९७४ मध्ये कॉलेजात लेखन शिकवणाऱ्यांच्या संघटनेने ठराव केला की विद्यार्थ्याला स्वतःच्या बोलीचा हक्क आहे. काळ्या मुलांना, गरीब मुलांना, स्थलांतरितांच्या मुलांना 'तुझी भाषा अशुद्ध' म्हणून खाली बसवलं जात होतं, व्याकरण हे हिणवायचं हत्यार झालं होतं. आपल्याला हे काय नवीन आहे, 'आनि-पानी' बोलणाऱ्या पोराला वर्गात हसलेले मी स्वतः बघितलंय आणि ती पोरं मग हात वर करायचीच बंद झाली. त्यामुळे त्या ठरावामागची कळकळ खरी होती. पण बोलीचा मान ठेवणं आणि वाक्य बांधायला न शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जरी-तरी तर कुठल्याही बोलीत लागतंच. बोलीचा हक्क दिला आणि जोडवाक्य काढून घेतलं, तर गरीब मुलाला काय मिळालं? श्रीमंत घरातल्या मुलाला ते जेवणाच्या टेबलावर मिळतं, ट्यूशनला मिळतं. न्यू डॉर्पच्या मुलांना शाळेत नाही मिळालं तर कुठेच नाही.

मग आलं वर्कशॉपचं युग. मुलांना भरपूर लिहू द्या, स्वतःच्या आयुष्याबद्दल, आठवणी, भावना, डायरी, चुका काढू नका, चांगल्या लेखनात बुडवून ठेवा, लिहिणं आपोआप लागेल. १९७५ च्या डिसेंबरात 'न्यूजवीक'ने मुलांना लिहिता येत नाही यावर कव्हर स्टोरी केली, १९८३ मध्ये सरकारी आयोगाने 'देश धोक्यात आहे' असा इशारा दिला, पण वर्गातला प्रवाह तोच राहिला. २००२ मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायदा आला, त्यात दरवर्षी परीक्षा वाचनाची आणि गणिताची, लेखनाची नाही, मग लेखनाला कोण वेळ देणार. आणि २००३ मध्ये न्यूयॉर्क शहराने बहुतेक सगळ्या प्राथमिक शाळांत वर्कशॉप पद्धतीच लावली. २००९ मध्ये नववीला आलेलं मूल २००३ मध्ये तिसरीत होतं. एका पद्धतीमुळेच सगळं झालं असं मी म्हणणार नाही, गरिबी आहे, घरं मोडलेली आहेत, मोठे वर्ग आहेत, पण या मुलांची वाक्यं शिकायची नेमकी वर्षं त्यात गेली हे खरं आहे.

माझ्या मुलीच्या वहीत मला खटकत होतं ते हेच. तिने जंगल का वाचवावं यावर दोन पानं लिहिली होती आणि त्यात अख्खी वाक्यं मोजून चार. बाकी सगळं "आणि मग आणि मग". खाली बाईंचा शेरा, तुझा आवाज खूप छान उमटलाय! आवाज छान होताच, ती माझीच मुलगी आहे, मला माहितीय. पण जंगल तोडलं तर पाण्याचं काय होतं हे तिला तोंडी येतं आणि कागदावर येत नाही, त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नव्हतं.

परत न्यू डॉर्पला येऊ. डीअँजेलिस बाई शिक्षकांची टीम घेऊन गेल्या व्हाइट प्लेन्सजवळच्या विंडवर्ड नावाच्या खासगी शाळेत. ती शाळा डिस्लेक्सियासारखी भाषेची अडचण असलेल्या मुलांची. तिथे ज्युडिथ हॉकमन या बाईंनी अनेक वर्षं खपून लेखन शिकवायची एक पद्धत बसवली होती, आणि तिचा पाया असा की आधी वाक्य, मग परिच्छेद, मग निबंध. आणि वाक्य म्हणजे व्याकरणाच्या तासाचं सुटं वाक्य नाही, जो विषय शिकवतोय त्यातलंच. इतिहासात इतिहासाचं, विज्ञानात विज्ञानाचं. १९६३ च्या अहवालातली जी खरी तक्रार होती ना, की व्याकरण लिहिण्याचा वेळ खातं, ती इथे उरतच नाही.

त्यांचं सगळ्यात माहीत झालेलं काम म्हणजे बिकॉज, बट, सो. एक अर्धं वाक्य द्यायचं आणि ते तीन प्रकारे पुरं करून घ्यायचं. मी मराठीत करून दाखवते, उदाहरण माझं आहे. "समुद्राचं पाणी खारट असतं…" कारण नद्या खडकांतले क्षार धुऊन वर्षानुवर्षं समुद्रात आणून ओततात. "समुद्राचं पाणी खारट असतं, पण" त्याची वाफ होऊन ढग होतात तेव्हा मीठ खालीच राहतं आणि पाऊस गोडा पडतो. "समुद्राचं पाणी खारट असतं, म्हणून" किनाऱ्यावर मिठागरं घालून ते उन्हात आटवता येतं. बघा, विषय तोच, सुरुवात तीच, पण 'कारण'ला कारण माहीत लागतं, 'पण'ला उलटी बाजू माहीत लागते आणि 'म्हणून'ला परिणाम. घोकून आलेलं मूल पहिलं कसंबसं लिहील, दुसऱ्याला अडेल, आणि ते नेमकं कुठे अडलं ते बाईंना एका ओळीत दिसेल. दहा गुणांच्या चाचणीत जे कळत नाही ते तीन उभयान्वयी अव्ययांत कळतं.

आणखी एक, छोटं वाक्य फुगवणं. "त्यांनी चहा फेकला." मग कोणी, केव्हा, कुठे, का असे प्रश्न विचारत जायचं आणि मुलाने लिहायचं की १७७३ च्या डिसेंबरात बॉस्टन बंदरात, ब्रिटिश संसदेने न विचारता लादलेल्या कराचा निषेध म्हणून, वसाहतीतल्या लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीचा चहा समुद्रात फेकला. (हेही उदाहरण माझंच, कंपनी मात्र तीच, आपल्याकडची.) पुढे दोन वाक्यांचं एक करणं, मग परिच्छेदाचा आराखडा, मुख्य मुद्दा, त्याचे पुरावे, शेवटचं वाक्य, आणि मगच निबंध.

२००९ च्या सप्टेंबरपासून न्यू डॉर्पच्या नववीत गणित सोडून जवळजवळ प्रत्येक तासाला हे सुरू झालं. केमिस्ट्रीच्या वर्गात हायड्रोजन आणि ऑक्सिजन शिकवले आणि मुलांना शब्द दिले, ऑल्दो, अनलेस, इफ. एका उत्तराचा आशय असा होता की हायड्रोजन जरी स्फोटक असला आणि ऑक्सिजन जरी ज्वलनाला मदत करत असला, तरी त्या दोघांचं संयुग आग विझवतं. हे वाक्य मला फार आवडतं. संयुगात मूळ घटकांचे गुण राहत नाहीत, हा रसायनशास्त्राचा केवढा मोठा धडा, आणि तो 'जरी-तरी'शिवाय सांगताच येत नाही. ज्याला ऑल्दो येत नाही त्याला संयुग कळलंय का हे तपासणार कसं?

बोलण्यालाही त्यांनी चौकट दिली. वर्गात चर्चा करताना "मी सहमत आहे कारण…", "माझं मत वेगळं आहे…", "मला यात भर घालायचीय…" अशी सुरुवात भिंतीवर लिहिलेली, आणि मुलांनी तशीच बोलायची सवय लावून घ्यायची. ऐकायला कृत्रिम वाटेल. पण आपण पोराला पोहायला सोडताना पाठीला डबा बांधतोच की, नंतर सोडतो. काही शिक्षकांना हे सगळं फार साचेबंद वाटलं असणार, मलाही पहिल्यांदा वाचताना वाटलंच, सर्जनशीलता मारली जाईल वगैरे. आता तसं वाटत नाही. तीन वर्षं डायरी लिहून ज्याला एक मुद्दा पुरा मांडता आला नाही त्याची कसली सर्जनशीलता आपण जपत होतो?

आता निकाल. न्यूयॉर्क राज्यात हायस्कूल पास व्हायला रीजेंट्स नावाच्या परीक्षा असतात, पासिंग ६५. न्यू डॉर्पमध्ये इंग्रजीच्या रीजेंट्सचा निकाल २००९ च्या जूनमध्ये ६७ टक्के होता तो २०११ मध्ये ८९ झाला. जागतिक इतिहासाचा ६४ वरून ७५. नापास मुलांसाठी जे वर्ग भरायचे ते पस्तीस मुलांचे पाच होते, ते वीस मुलांचे दोन झाले. शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचे विषय घेणारी मुलं २००६ मध्ये १४८ होती, ती ४१२ वर गेली. ग्रॅज्युएशन रेट २०१२ च्या उन्हाळ्यापर्यंत ८० टक्क्यांवर जाईल असा शाळेचा अंदाज होता. २०१२ मध्ये 'द अटलांटिक' मासिकात यावर मोठा लेख आला आणि शाळा देशभर माहीत झाली.

पण मी हे आकडे असेच पुढे पाठवणार नाही, कारण त्यात दोन गोष्टी अडकलेल्या आहेत. एक, इंग्रजीची रीजेंट्स परीक्षा आधी दोन दिवस, सहा तासांची होती, ती २०११ च्या जानेवारीपासून एक दिवस, तीन तासांची झाली आणि तिच्यातले निबंधही कमी झाले. म्हणजे ६७ चे ८९ होताना पेपरही बदलला होता. दुसरी, त्या काळात शाळेचे पेपर शाळेचेच शिक्षक तपासायचे, आणि अर्थशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्क शहराचे २००४ ते २०१० चे गुण तपासले तेव्हा दिसलं की पासिंगच्या अगदी जवळ असलेल्या पेपरांपैकी साधारण ४० टक्क्यांना वर ढकललेलं होतं. हे सगळ्या शहरातलं, एका न्यू डॉर्पचं नाही, आणि आधीच्या ६७ टक्क्यांतही ते असणारच. नंतर पासिंगच्या जवळचे पेपर पुन्हा तपासणं बंद झालं, मग पेपर तपासणीच शाळेबाहेर नेली. शिवाय ही एक शाळा आहे, शेजारी तुलनेला दुसरी शाळा ठेवून केलेला प्रयोग नाही. तरी मला जे पटतं ते इतिहासामुळे. इतिहासाचा पेपर तेव्हा तसाच होता, त्यात निबंध होते, आणि तिथेही पास होणाऱ्यांचं प्रमाण ६४ चं ७५ टक्के झालं.

आणि बाहेरचं संशोधनही याच बाजूला झुकतं. २००७ मध्ये ग्रॅहम आणि पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या लेखनावरचे प्रयोग एकत्र करून बघितले. नुसतं व्याकरण, व्याख्या आणि नियम शिकवणं, याचा परिणाम उणे निघाला. वाक्यं जोडायला शिकवणं, याचा चांगला अधिक निघाला. म्हणजे आमच्या वेळचं बरं होतं, सगळ्यांना कर्तरी-कर्मणी पाठ करायला लावा, असं म्हणणाऱ्यांनाही न्यू डॉर्प साथ देत नाही. मला सगळे प्रयोग पाठ होते आणि दहावीत मी जे निबंध लिहिले ते गाइडमधले होते.

हे प्रकरण इतकं जुनं, मग आता का लिहितेय? कारण त्या शाळेने एक रस्ता दाखवला आणि देश बऱ्याच प्रमाणात दुसऱ्याच रस्त्याने गेला. २०११ च्या राष्ट्रीय लेखन चाचणीत आठवी आणि बारावी दोन्हीत फक्त २७ टक्के मुलं अपेक्षित पातळीवर किंवा वर होती. पुढची चाचणी २०१७ ला घेतली पण तिचे निकाल नेहमीसारखे जाहीर झालेच नाहीत, म्हणजे मुलांना लिहिता येतं का हे देशाला इतकी वर्षं माहीतच नाही. वाचनाचं माहितीय, २०२४ मध्ये आठवीची ३३ टक्के मुलं अगदी प्राथमिक पातळीच्याही खाली, इतकी आधी कधीच नव्हती. आणि त्याच काळात हायस्कूल पास होणाऱ्यांचं प्रमाण मात्र २०११ च्या ७९ टक्क्यांवरून २०२२ ला ८७ वर गेलं. कॉलेज प्रवेशासाठीच्या एसीटी परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे शाळेतले सरासरी ग्रेड २०१० ला ४ पैकी ३.२२ होते, २०२१ ला ३.३९, आणि त्यांचे एसीटीचे गुण काही वाढले नाहीत. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२४ च्या नोव्हेंबरात पास होण्यासाठी राज्याच्या परीक्षेची अटच काढून टाकली. न्यूयॉर्कही २०२७-२८ पासून रीजेंट्सची सक्ती काढतंय, म्हणजे न्यू डॉर्पच्या शिक्षकांना ज्या निकालामुळे कारण शोधायला बसावं लागलं तो निकालच पुढच्या शाळेवर बंधनकारक नसेल. परीक्षेला माझा जीव अडकलेला नाही, वर लिहिलंच की परीक्षेत काय काय होतं. पण मूल अडलंय हे दाखवणारं काहीतरी हवं ना, आणि ते पालकाला दिसायला हवं.

मागच्या महिन्यात पॅरेंट-टीचर कॉन्फरन्सला गेले होते. पंधरा मिनिटांचा स्लॉट. मुलीच्या बाई तरुण आहेत, मेहनती आहेत, मुलीचा त्यांच्यावर जीव आहे. मी जंगलाचा निबंध पुढे ठेवला आणि विचारलं की वाक्यांवर वेगळं काम करून घेता का. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की खरं सांगू का, मला स्वतःलाच हे कुणी शिकवलेलं नाही, शाळेत नाही आणि बी.एड.सारखं जे केलं त्यातही नाही, मला चुकलेलं वाक्य दिसतं पण ते का चुकलं ते मुलांना सांगता येत नाही. मला त्यांचा राग आला नाही, उलट पोटात तुटलं. त्यांचं शिक्षण त्याच वर्षांतलं. न्यू डॉर्पमध्येही मुलांच्या आधी शिक्षकांनाच शिकावं लागलं होतं, हे मी त्यांना सांगितलं.

मग आम्ही त्या निबंधातलं पहिलं वाक्य घेतलं, "पीपल कट डाउन ट्रीज," आणि मी त्यांना बिकॉज, बट, सो लावून बघायला सांगितलं. बिकॉज झालं, सो झालं. बटला त्या अडल्या, खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि मग सावकाश म्हणाल्या, बट द रूट्स आर स्टिल होल्डिंग द सॉइल फॉर अ फ्यू इयर्स. झाड तोडलं तरी मुळं काही वर्षं माती धरून ठेवतात. पुढचे पालक दारात उभे होते. बाईंनी ते तीन शब्द एका स्टिकी नोटवर लिहिले आणि कंप्युटरच्या कडेला चिकटवले.